बिनकामाचे झाड

झाडे लावावीत की लावू नयेत, याबद्दल आता कोणाचा वाद उरलेला नाही. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिना उजाडला की शाळा-महाविद्यालयांतून खड्डे खणले जातात, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावली जातात आणि छायाचित्रे काढली जातात. महाराष्ट्रात २०१९ साली तर ३३ कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठरविण्यात आले होते. वाद असलाच तर तो पुढच्या प्रश्नाबद्दल आहे. कोणते झाड लावावे? आणि तेही सरकारी जमिनीवर किंवा रस्त्याच्या कडेला नव्हे, तर आपल्या स्वतःच्या दारात कोणते लावावे? या प्रश्नाचे आपल्या समाजाने दिलेले उत्तर फार जुने आणि अगदी पक्के आहे. ते म्हणजे ‘उपयोगाचे लावावे’. प्रस्तुत लेखात मला या उत्तराचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आमच्याकडे, म्हणजे कोकणात, घराभोवती मोकळी जागा असते. पुढे खळे, मागे परडे. पण ती जागा मोकळी असली तरी मोकळी ठेवण्यासाठी नसते. विहिरीकडच्या अंगाला माड, न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू, गडग्याला लागून फणस, वर कातळाकडे काजू, आणि नशीब असेल तर एखादे हापूसचे कलम. प्रत्येक झाडाने आपले भाडे भरले पाहिजे असा हा हिशेब असतो. यात गैर काहीच नाही. ज्या घरात फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी राखून ठेवाव्या लागतात, त्या घराने झाडाकडे पोटाच्या नजरेने पाहिले तर त्याला नावे कोण ठेवील?

फुलांनाही या हिशेबात जागा आहे, नाही असे नाही. जास्वंद, तगर, कण्हेर, अनंत, पारिजातक ही झाडे गरिबातल्या गरीब घराच्या दारातही दिसतात. पण त्यांना प्रवेश मिळतो तो देवाच्या चिठ्ठीवर. सकाळी परडीभर फुले देव्हाऱ्यात गेली की झाडाचे काम झाले. अबोली आणि मोगरा यांना वेणीत जागा आहे. म्हणजे फळ पोटाला, फूल देवाला किंवा केसांत. परंतु जे फूल तोडून घरात आणावयाचे नाही, ज्याला वास नाही, जे देवाला वाहिले जात नाही, जे नुसते झाडावर उमलणार आणि आपण खळ्यात उभे राहून मान वर करून ते पाहणार, अशा फुलाच्या झाडाला आमच्या परड्यात जागा नसते. त्याचे नाव एकच : बिनकामाचे झाड.

माझे म्हणणे असे आहे की, प्रत्येक घराच्या दारात, जागा असेल तर, असे एक तरी बिनकामाचे झाड असलेच पाहिजे.

हे म्हटल्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही बंगलेवाल्यांची हौस झाली! हा आक्षेप खोटा नाही. शोभेची झाडे प्रथम दिसतात ती कलेक्टरच्या बंगल्यात, विश्रामगृहाच्या आवारात, अधिकाऱ्यांच्या वसाहतीत. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील, आणि आपण ज्याला देवळातले झाड समजतो तो पांढरा चाफादेखील मूळचा अमेरिका खंडातलाच. साहेब आला, त्याच्या मागोमाग त्याच्या बागेची कल्पना आली. त्यामुळे ‘नुसते पाहण्यासाठी झाड’ ही गोष्ट आपली नव्हे, अशी समजूत झाली असल्यास नवल नाही.

परंतु ही समजूत इतिहासाला धरून नाही. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने कालिदासाचा दाखला द्यावा हे काहींना धाडस वाटेल. तरीही तो द्यावासा वाटतो. मेघदूतातील यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो, तेव्हा तो काय सांगतो? दारात एक लहानसा मंदार आहे. तो त्याच्या पत्नीने पोटच्या मुलासारखा वाढवलेला आहे, आणि हाताला येतील अशा फुलांच्या गुच्छांनी तो वाकलेला आहे. पुढे माधवीच्या मांडवाजवळ तांबडा अशोक आहे आणि बकुळ आहे. शेकडो मैलांवर अडकून पडलेल्या माणसाला घर आठवते ते अशा झाडांवरून. यक्ष श्रीमंत होता हे मान्य. पण सत्यभामा आणि रुक्मिणी यांच्या पारिजातकाची गोष्ट आमच्या गावातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायासुद्धा रंगवून सांगतात. एका झाडाची फुले कोणाच्या अंगणात पडावीत यासाठी देवाच्या घरात रुसवा होतो, ही कल्पना बंगल्यात जन्मलेली नाही. ती आपल्याच माजघरात जन्मलेली आहे. फुलांची ओढ आपल्याला होतीच. मधल्या काळात केव्हातरी आपण ती दुसऱ्याच्या मालकीची समजू लागलो, इतकेच.

आता कोणते झाड, हे सांगितले पाहिजे, नाहीतर हा सारा शब्दांचा खेळ होईल. मी ताम्हणाचे नाव सुचविते.

महाराष्ट्र राज्याची काही मानचिन्हे आहेत. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा आणि राज्यपुष्प ताम्हण. २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखराचीही त्यांत भर पडली. यांतील आंबा कोणाला सांगावा लागत नाही. पण ताम्हण? वर्गातील काही मैत्रिणींना मी राज्यपुष्प कोणते म्हणून विचारले. कोणी कमळ म्हणाले, कोणी झेंडू. एकीला मी ताम्हण हे नाव सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “ते तर पूजेचे भांडे ना?” यात तिला हसण्यासारखे काही नाही. शासनाने एक फळाचे झाड निवडले आणि एक फुलाचे. आपण फळाचे तेवढे लक्षात ठेवले. आपल्या समाजाची नजर कशी घडली आहे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

ताम्हणालाच काही ठिकाणी जारूळ म्हणतात. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा. यातील पहिला शब्द मॅग्नुस फॉन लागरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश व्यापाऱ्यावरून आला. तो वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचा मित्र होता. मित्राचे नाव लिनिअसने झाडाच्या वंशाला देऊन टाकले. पण झाड मात्र पक्के आपले आहे. कोकणातल्या वहाळांच्या, पऱ्ह्यांच्या काठी ते आपोआप वाढते. माघ-फाल्गुनात त्याची पाने तांबूस होऊन गळतात, चैत्रात नवी येतात, आणि एप्रिलच्या सुमारास फांद्यांच्या टोकांना फूटफूटभर लांबीचे तुरे उभे राहतात. एकेक फूल दोन-तीन इंच रुंद. बहुधा सहा पाकळ्या, चुण्या घातलेल्या तलम कापडासारख्या. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. रंग जांभळा की गुलाबी, हे ठरविणे कठीण. उमलताना गडद असतो आणि फूल जुने होईल तसा फिकट होत जातो, त्यामुळे एकाच तुऱ्यात चार-पाच छटा दिसतात. ज्या दिवसांत कातळ तापलेला असतो, विहिरींचा तळ दिसत असतो आणि माणसे आभाळाकडे पाहत असतात, त्याच दिवसांत हे झाड फुलते. १ मेच्या महाराष्ट्रदिनी ते हमखास बहरात असते. राज्याच्या फुलाने याहून अधिक काय करावे?

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ या पुस्तकाविषयी आम्हांला वर्गात सांगण्यात आले, तेव्हापासून मी बसच्या खिडकीतून झाडे पाहू लागले. झाडे रस्त्यावर आधीही होतीच. पाहण्याचे शिक्षण कोणीतरी द्यावे लागते, ही गोष्ट मला तेव्हा समजली. आणि पाहण्याचे शिक्षण ज्याला महाविद्यालयात मिळत नाही, त्याला ते कोठे मिळावे? माझ्या मते त्याच्या दारात.

ताम्हण वाढविणे कठीण नाही. हिवाळ्यात त्याची बोंडे तपकिरी होऊन तडकतात. आत हलके, पंख असलेले बी असते. बी वाऱ्याने उडून जाण्यापूर्वी बोंडे काढून कागदावर पसरून ठेवावीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीस चाळलेली माती, वाळू आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात बी पेरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. बी हलके, त्यामुळे पाणी धारेने न घालता शिंपडून घालावे. उगवण सरसकट होत नाही, म्हणून हात राखून पेरू नये. दोन ते पाच आठवड्यांत अंकुर दिसतात. चार-सहा पाने आली की रोपे दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत, तळाला भोके पाडून, हलवावीत. पुढील वर्षीच्या पावसाच्या आरंभी दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन रोप जमिनीत लावावे. ऊन भरपूर हवे. पहिली दोन वर्षे गुरा-शेळ्यांपासून राखावे, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी द्यावे. भांडी घासलेले पाणी आळ्यात सोडले तर वेगळ्या पाण्याचीही गरज नाही, मात्र त्यात साबणाचा मारा नसावा. बियांपासून वाढविलेले झाड साधारणपणे तीन ते पाच वर्षांत फुलू लागते.

एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. ताम्हणाची फुले नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. म्हणून छाटणी करावयाचीच असेल तर ती पानगळीच्या वेळी, नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. आमच्याकडे राब भाजण्यासाठी कवळ तोडतात, त्या झपाट्यात वहाळावरच्या झाडांचे शेंडेही छाटले जातात. पालवी फुटल्यावर कोयता चालला की त्या वर्षीचे फूल गेले. मग लोक म्हणतात, हे झाड फुलतच नाही!

आता बाकीचे आक्षेप घेऊ. पाला पडतो, कौलांवर साचतो, पन्हळ तुंबते. खरे आहे. पण पाला फणसाचाही पडतो, आणि तो झाडणारी बाई तक्रार करीत नाही, कारण फणस मिळतो. शिवाय ताम्हणाचा पाला पडतो तो पावसाच्या कितीतरी आधी. तो गोळा करून माडाच्या आळ्यात टाकला तर त्याचे खतच होते. दुसरा आक्षेप वादळाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, आंबे यांचा जो संहार झाला, तो ज्यांनी पाहिला ते घराजवळच्या झाडाला भिणारच. म्हणून भिंतीपासून किमान पंधरा फूट अंतर ठेवावे. याच कारणासाठी मी परड्यात गुलमोहराची शिफारस करीत नाही. तो परका आहे म्हणून नव्हे. काजूही पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, मिरचीही अमेरिकेतून आली, आणि आज त्यांना परके म्हणणारा कोणी भेटणार नाही. पण गुलमोहराची मुळे उथळ पसरतात, फांद्या ठिसूळ असतात, आणि त्याला पसरायला फार जागा लागते. तो मैदानात शोभतो, खळ्यात नाही.

देशावरील मित्र म्हणतील, आमच्याकडे प्यायला पाणी नाही, तेथे वहाळाकाठचे झाड कसे जगणार? त्यांचे म्हणणे योग्य आहे. त्यांनी ताम्हणाचा हट्ट धरू नये. बहावा लावावा. तो कमी पाण्यावर तगतो आणि ऐन उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी भरून जातो. त्याच्या बियांचे कवच कठीण असते, ते थोडे घासून पेरले म्हणजे उगवण लवकर होते. जागा अगदीच लहान असेल तर कांचन आहे. मुद्दा एका झाडाचा नाही. मुद्दा त्या एका जागेचा आहे, जी आपण पोटासाठी आणि देवासाठी न राखता डोळ्यांसाठी राखू.

‘पण उपयोग काय?’ हा प्रश्न एवढ्यानेही सुटत नाही, याची मला जाणीव आहे. एक सोपे उत्तर देता आले असते. ताम्हणाचे लाकूड टणक असते, पाण्यात टिकते, होड्यांसाठी आणि घराच्या खांबांसाठी वापरले गेले आहे. फुलांवर परागासाठी मधमाश्या येतात, आणि त्याच मधमाश्या आपल्या परसातल्या वेलींवरही फिरतात. हे सर्व खरे आहे. परंतु या उत्तराच्या आड लपणे मला आवडत नाही. लाकडासाठी लावलेले ताम्हण आणि पाहण्यासाठी लावलेले ताम्हण ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्याला आपण तोडण्याच्या दिवसाची वाट पाहत वाढवितो, दुसऱ्याला फुलण्याच्या.

हाच प्रश्न मला दुसऱ्या एका संदर्भात नेहमी विचारला जातो, म्हणून तो मला जवळून माहीत आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी कला शाखेत, तेही मराठी घेऊन शिकते, हे कळल्यावर गावातला प्रत्येक जण विचारतो, “मराठीचा उपयोग काय? मराठी तर आपण घरात बोलतोच की!” विचारणारे दुष्ट नसतात. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक रुपयाचा आणि प्रत्येक हंडा पाण्याचा हिशेब ठेवला आहे. त्यांना मी नोकरीचे, स्पर्धा परीक्षेचे उत्तर देते, आणि त्यांचे समाधान होते. पण ते ताम्हणाच्या लाकडासारखे उत्तर आहे, हे देताना मला कळत असते. खरे उत्तर असे आहे की, काही गोष्टी आपण त्यांच्यापासून काही मिळावे म्हणून करीत नाही, त्या असल्याने आपण जे होतो त्यासाठी करतो. हे उत्तर देण्याचा हक्क केवळ पोट भरलेल्यांना आहे, असे जर आपण मान्य केले, तर सुंदर गोष्टी कायमच्या बंगल्यांच्या कुंपणाआड राहतील, आणि आमच्या वाट्याला केवळ उपयोगाच्या गोष्टी येतील. हळूहळू आम्ही माणसेदेखील एकमेकांकडे त्याच नजरेने पाहू. म्हातारी झालेली आजी उपयोगाची नाही, दूध आटलेली गाय उपयोगाची नाही, सासरी जाणारी मुलगी तर नाहीच नाही. ही नजर झाडापासून सुरू होते, पण झाडापाशी थांबत नाही.

आमच्या खळ्याच्या कोपऱ्यात, वाटेच्या अंगाला, मी दोन वर्षांपूर्वी ताम्हणाचे रोप लावले. त्या जागी काजूचे कलम लावावे असे वडिलांच्या मनात होते. त्यांनी मोडता घातला नाही, फक्त एवढे म्हणाले, “बाय, त्याला फुलं येतील तवर तू सासरला. मग बघनार कोन?” या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. आमच्याकडे मुलीने लावलेले झाड म्हणजे दुसऱ्याचे झाड, असे समजतात. पण माड लावणारा आजोबाही नारळ नातवासाठीच लावतो, आणि त्याला कोणी वेडा म्हणत नाही. फळ जर पुढच्यासाठी लावता येते, तर फूल का लावता येऊ नये? वाटेने जाणारी शाळेची मुले पाहतील. कामावरून परतणाऱ्या बाया डोक्यावरचा भारा सावरीत क्षणभर थांबतील. वडील स्वतः पाहतील. मी सध्या वसतिगृहात असते, आणि मागच्या उन्हाळ्यात त्या रोपाला पाणी कोणी घातले हे मी विचारले नाही. पण रोप जगले आहे, कमरेच्या वर आले आहे, आणि त्याच्याभोवती शेळ्यांसाठी घातलेले काटेरी कुंपण माझ्या हातचे नाही.

शेवटी माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना आणि आदरणीय प्राध्यापकवर्गाला एक सूचना करून हा लेख संपविते. दरवर्षी आपण महाविद्यालयाच्या आवारात पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावतो. त्यांतील किती जगतात, हे आवारातून एक फेरी मारली की कोणालाही दिसेल. सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते, हे त्याचे साधे कारण आहे. त्याऐवजी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी ताम्हण, बहावा, कांचन यांचे बी गोळा करून पिशव्यांत रोपे तयार करावीत, आणि प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला एक रोप घरी नेण्यासाठी द्यावे. ज्याच्या दारात जागा नाही, त्याने शाळेजवळ, पाणवठ्यावर किंवा बसथांब्यापाशी ते लावावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी. आपल्यापैकी पुष्कळ जण खेड्यांतून येतात. आपल्या घरांत आपल्याबरोबर पुस्तके गेली, वर्तमानपत्र गेले. आता एक झाडही जावे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ताम्हणाची बोंडे वाळून तडकू लागलेली असतील. बी गोळा करण्यास हीच वेळ योग्य आहे. थोडा उशीर झाला तर ते वाऱ्याबरोबर जाते.